मुलीला टेनिससाठी अमेरिकेला पाठवताय? ऋतुजा भोसलेची कारकीर्द आधी बघा

ताई, मुलगी नाशिकला अकरावीत आहे, राज्य पातळीवर खेळते. बारावीनंतर तिला स्पेनच्या अकादमीत घालावं की अमेरिकेतल्या कॉलेजात, असं तुम्ही विचारलंय. मी टेक्सासमध्ये राहते, इथलं कॉलेज टेनिस आवडीनं बघते. माझं मत स्पष्ट आहे: कॉलेज.

पुण्याची ऋतुजा भोसले इथल्याच टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली. शिक्षण झाल्यावर ती पूर्णवेळ व्यावसायिक टेनिसमध्ये उतरली. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाच्या जोडीनं तिनं मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. अंतिम सामन्यात पहिला सेट 2-6 गेला होता, मग दुसरा 6-3 आणि तिसऱ्या सेटऐवजी झालेला निर्णायक टायब्रेक 10-4 असा जिंकला. तेव्हा ती 27 वर्षांची होती. त्याआधीची वर्षं बहुतेक आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या (आयटीएफ) छोट्या स्पर्धांत गेली. तिथल्या सर्वांत खालच्या गटात एकूण बक्षीसच 15 हजार डॉलर, तेही सगळ्या खेळाडूंत वाटलं जातं. विमान, हॉटेल, कोच हा खर्च त्यातून भागत नाही. इतका धीर धरणाऱ्या मुलीचं मला फार कौतुक वाटतं. तुमच्या मुलीलाही तो काळ काढावा लागेल, आणि तेव्हा हातात पदवी असणं फार मोलाचं आहे.

अकादमीत पैसे तुम्ही भरता. कॉलेजात चांगली शिष्यवृत्ती मिळाली तर फी, राहणं, जेवण, कोच, फिजिओ सगळं विद्यापीठाकडून. पण ती पूर्ण आहे की अर्धी, आणि दरवर्षी नव्यानं ठरते का, हे लेखी घ्या. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर पूर्ण अभ्यासक्रम घ्यावाच लागतो. सराव, प्रवास सांभाळून परीक्षा द्यायच्या. कॅम्पसबाहेर नोकरी करून पैशांची तोंडमिळवणी करू, हा विचार सोडून द्या.

खेळही वेगळा असतो. एका लढतीत सहा एकेरी, तीन दुहेरी. ड्यूसला, म्हणजे 40-40 झालं की, पुढचा एकच गुण गेम ठरवतो. बाजूच्या कोर्टवर सहकारी ओरडत असतात. एकटीनं खेळायची सवय असलेल्या मुलीला सुरुवातीला हे जड जातं, पण दुहेरी पक्की होते.

आता लगेच करायचं म्हणजे तिचं यूटीआर, म्हणजे खेळाची पातळी दाखवणारं रेटिंग, वाढेल अशा स्पर्धा खेळवा, पूर्ण सामन्यांचे व्हिडिओ काढा आणि कोचना ईमेल तिलाच लिहू द्या. बारावीनंतर वर्षभर नुसत्या स्पर्धा खेळवण्याआधी प्रवेशाचे नियम तपासा, त्यात कॉलेजकडून खेळण्याचं एखादं वर्ष कापलं जाऊ शकतं.