इंजिन चालू केलं की स्पीकरमधून ‘कुईं’ आवाज येतो, फिल्टर लावू का?

तुम्ही लिहिलंय की गाडीत अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) आणि सबवूफर बसवल्यापासून स्पीकरमधून बारीक ‘कुईं’ ऐकू येतं, रेस दिली की सूर चढतो आणि इंजिन बंद केलं की सगळं शांत. फिटर म्हणतो फिल्टर लावा, नाहीतर अल्टरनेटर बदला. मी गाड्यांचं ऑडिओ वायरिंग करतो, म्हणून कळकळीने सांगतो, दोन्हींवर इतक्यात पैसे घालू नका.

रेसबरोबर सूर चढतो म्हणजे आवाज अल्टरनेटरचाच, हे खरं. अल्टरनेटर मुळात थ्री-फेज एसी बनवतो, आतले डायोड त्याचा डीसी करतात, पण त्या डीसीवर बारीक लहरी उरतातच. इंजिनाचे फेरे वाढले की लहरींची फ्रिक्वेन्सी वाढते. हे प्रत्येक गाडीत घडतं, चांगल्या अल्टरनेटरमध्येसुद्धा. तेव्हा शोधायचं ते एवढंच की या लहरी तुमच्या गाण्यात शिरतात कुठून.

आधी सगळं बंद करून अ‍ॅम्पच्या आरसीए पिना (स्टिरिओकडून गाण्याचा सिग्नल आणणाऱ्या केबलच्या) काढा आणि मग इंजिन चालू करा. इनपुट रिकामं असूनही कुईं येत असेल तर दोष अ‍ॅम्पच्या पॉवर किंवा अर्थमध्ये (गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या निगेटिव्ह वायरमध्ये) आहे. आवाज गेला, तर चार्जरला न लावलेला मोबाइल केबलने थेट अ‍ॅम्पला जोडून गाणं लावा. ते स्वच्छ वाजलं तर अ‍ॅम्प सुटला, दोष स्टिरिओ, आरसीए केबल किंवा त्या दोघांच्या अर्थमध्ये शोधायचा.

बहुतेक वेळा गाडी अर्थवरच येऊन थांबते. स्टिरिओचा अर्थ डॅशबोर्डमागे, अ‍ॅम्पचा डिकीत. या दोन जागांमध्ये काही मिलिव्होल्टचा जरी फरक असला तरी करंट आरसीएच्या बाहेरच्या जाळीतून वाहायला लागतो (यालाच ग्राउंड लूप म्हणतात), आणि अ‍ॅम्पला तोही सिग्नलच वाटतो. डिकीतला अर्थ उघडून बघा. पुष्कळदा तो रंगावरच आवळलेला असतो, किंवा सीटबेल्टच्या बोल्टखाली घातलेला असतो. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावायचाच नाही, तिथे जिवाचा प्रश्न आहे. चॅसिसवर वेगळी जागा निवडा, पत्रा चमकेपर्यंत रंग खरवडा, वायरच्या टोकाला चांगला क्रिम्प केलेला (दाबून बसवलेला) रिंग लग, म्हणजे गोल कडी, बोल्टने घट्ट आवळा आणि वरून ग्रीस किंवा रंग लावा. कोकणात, मुंबईत हे शेवटचं काम टाळलं तर पावसाळ्यात तिथे गंज धरतो आणि कुईं परत येतं. अर्थची वायर बॅटरीकडून अ‍ॅम्पला येणाऱ्या लाल वायरइतकीच जाड हवी आणि लांबी अर्ध्या मीटरच्या आत.

काम झाल्यावर मल्टिमीटर डीसीवर ठेवून एक टोक अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. इंजिन, दिवे, एसी चालू, गाणं मोठ्याने. 0.2 व्होल्टच्या वर रीडिंग गेलं तर अर्थ अजून कच्चा आहे.

आता अ‍ॅम्पवरचा गेन. तो आवाज वाढवायचा नॉब नव्हे, स्टिरिओच्या सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवायचा आहे. तो पूर्ण फिरवलेला असेल तर नगण्य लहरीही मोठ्या होतात. स्टिरिओचा आवाज पाऊणपर्यंत नेऊन गाणं फाटायला लागेल इतपत गेन वाढवा आणि तिथून थोडा मागे घ्या.

आणखी एक गोष्ट फिटरही विसरतात. काही स्टिरिओंमध्ये आरसीएच्या अर्थला आत एक अगदी बारीक फ्यूज असतो. सिस्टिम चालू असताना पिना काढल्या-घातल्या की तो उडू शकतो. आरसीएच्या बाहेरच्या कड्यापासून स्टिरिओच्या धातूच्या बॉडीपर्यंत वायरचा तुकडा टेकवून बघा. कुईं एकदम गेलं तर तो फ्यूज उडालाय असं समजा, जाणकाराकडून दुरुस्त करून घ्या.

केबलबद्दल थोडक्यात: पॉवर एका बाजूने, आरसीए दुसऱ्या बाजूने.

अल्टरनेटरचा संशय उरलाच तर बॅटरीवर मोजा. इंजिन बंद असताना 12.6 च्या आसपास, चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट हवेत. मग दिवे लावून मीटर एसीवर घ्या. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर डायोड तपासून घ्या. इतकं करूनही लूप सुटलाच नाही, तर आयसोलेटर (आरसीए केबलच्या मध्ये बसवून लूप तोडणारा डबा) लावा, पण स्वस्तातला नको. त्याच्या आतला छोटा ट्रान्सफॉर्मर बास खातो, आणि तुम्ही सबवूफर बासासाठीच घेतलाय.

बोनेट उघडलंच आहे तर लाल वायरचा फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत आहे ना, तेही बघा. नसेल तर कुईं राहू द्या, आधी तो बसवा. रीडिंग इथे लिहा, पुढचं सांगतो.