जुबैलचे 12,150 रियाल नेमके किती पडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहता कोपरखैरण्याला, तळोजा एमआयडीसीत प्रोसेस इंजिनिअर आहात, अनुभव आठ वर्षांचा, सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) 18 लाख. सौदीत जुबैलच्या एका पेट्रोकेमिकल प्लांटसाठी ऑफर आली आहे. मूळ पगार 9,000 रियाल, घरभाडे 2,250, वाहन 900. बायको आणि दोन मुलं बरोबर न्यायची आहेत. आकडा चांगला आहे का, आणि सही करण्याआधी काय मागून घ्यावं?

पहिली गोष्ट, 18 लाख आणि 12,150 रियाल यांची थेट तुलना करू नका. सीटीसीत हातात न येणारी बरीच रक्कम असते. बेसिक निम्मं, म्हणजे 9 लाख धरलं तर कंपनीचा पीएफ 12 टक्क्यांनी 1,08,000, ग्रॅच्युइटीची तरतूद 4.81 टक्क्यांनी 43,290, आणि व्हेरिएबल (कामगिरीनुसार मिळणारा भाग) 10 टक्के असेल तर 1,80,000. हे वजा केल्यावर 14,68,710 उरतात. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ, व्यवसाय कराचे 2,500 आणि 2025-26 च्या नव्या करप्रणालीने साधारण 92,600 आयकर जातो. महिन्याला हातात येतात साधारण 1,05,000. तुमच्या स्लिपवरचे आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करा. मात्र यात एक जमेची बाजू दडलेली आहे. दोन्ही बाजूंचा पीएफ मिळून वर्षाला 2,16,000 आपोआप साठतात. सौदीत परदेशी माणसाला पीएफ नाही. ती बचत यापुढे तुम्हालाच करावी लागेल, म्हणून ती खर्चाच्या बाजूला मांडा.

इकडे सौदीत पगारावर आयकर नाही. सामाजिक विम्यासाठीही परदेशी कर्मचाऱ्याच्या पगारातून काही कापत नाहीत, अपघात विम्याचे 2 टक्के कंपनी भरते. म्हणजे 12,150 पूर्ण खात्यात येतात. रियाल 1986 पासून डॉलरला 3.75 ने बांधलेला आहे, त्यामुळे हे 3,240 डॉलर झाले. रुपयाची किंमत पडली की तुमची घरी जाणारी रक्कम वाढते, एवढंच. खर्चात मात्र जवळजवळ प्रत्येक खरेदीवर 15 टक्के व्हॅट धरा.

आता ज्या खर्चाने बहुतेकांचं गणित चुकतं तो. सौदीत बरोबर नेलेल्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे सरकारी फी महिन्याला 400 रियाल आहे. 2017 मध्ये ती 100 होती, दर वर्षी 100 ने वाढत 2020 मध्ये 400 झाली. बायको आणि दोन मुलं म्हणजे वर्षाला 14,400 रियाल. तुमच्या एका महिन्याच्या पूर्ण पगारापेक्षा जास्त! ऑफर लेटरमध्ये ‘इकामा फी कंपनी भरेल’ (इकामा म्हणजे सौदीत राहण्याचा परवाना) असं वाक्य असेल तर त्यावर खूश होऊ नका. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या इकाम्याची आणि वर्क परमिटची फी कामगार कायद्याच्या कलम 40 नुसार कंपनीनेच भरायची असते, त्यात उपकार नाही. कुटुंबाची फी त्या कलमात येत नाही. ती कोण भरणार हे वेगळं आणि स्पष्ट लिहून घ्या. आरोग्य विमा मात्र कर्मचारी आणि त्याचं कुटुंब दोघांसाठी कंपनीवर बंधनकारक आहे. त्यासाठी पगारातून पैसे कापायची भाषा झाली तर नकार द्या.

घरभाड्याचे 2,250 म्हणजे मूळ पगाराच्या 25 टक्के आणि वाहनाचे 900 म्हणजे 10 टक्के, ही इकडची नेहमीची रचना आहे. अडचण रकमेपेक्षा वेळेची आहे. घरमालक बऱ्याचदा सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं भाडं आगाऊ मागतो, आणि भत्ता दर महिन्याला येतो. म्हणून ‘हाउसिंग ॲडव्हान्स’ मागा, म्हणजे पहिल्या वर्षाचे 27,000 रियाल एकरकमी. बऱ्याच कंपन्या देतात, पण मागितल्याशिवाय क्वचितच.

मूळ पगार किती आणि भत्ते किती, याकडे आपल्याकडे फक्त पीएफपुरतं बघतात. इकडे त्यावर बरंच काही अवलंबून असतं. ओव्हरटाइम घ्या. कायद्याने तासाला मिळतो तासाचा पूर्ण पगार अधिक मूळ पगाराचा निम्मा दर. तुमच्या ऑफरमध्ये 12,150 भागिले महिन्याचे 240 तास (30 दिवस, रोज 8 तास) म्हणजे 50.63, त्यात मूळ पगाराच्या तासाच्या 37.50 चा अर्धा 18.75, एकूण 69.38 रियाल. तीच एकूण रक्कम ठेवून कंपनीने मूळ पगार 6,000 केला, तर दर 63.13 वर येतो. शटडाऊनच्या (दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात त्या) महिन्यात 100 तास ओव्हरटाइम झाला तर फरक 625 रियालांचा. पण आधी हे विचारा की तुमच्या पदाला ओव्हरटाइम लागू आहे का. अधिकाराच्या, जबाबदारीच्या पदांना कायदा त्यातून वगळतो, आणि कंपन्या ‘शिफ्ट इंजिनिअर’सुद्धा त्यातच बसवू पाहतात. लागू नसेल तर शटडाऊन भत्ता किंवा बदली रजा मागा.

नोकरी संपताना मिळणारी रक्कम म्हणजे इकडची ग्रॅच्युइटी. पहिल्या 5 वर्षांसाठी दर वर्षी अर्धा महिना, पुढे दर वर्षी एक महिना, आणि तोही शेवटच्या पगारावर. कंपनीने काढून टाकलं किंवा करार संपला तर पूर्ण मिळते. स्वतः राजीनामा दिलात तर 2 वर्षांच्या आत काहीच नाही, 2 ते 5 वर्षांत एक तृतीयांश, 5 ते 10 मध्ये दोन तृतीयांश, 10 वर्षांनंतर पूर्ण. तुमच्या 12,150 वर 3 वर्षांची पूर्ण रक्कम 18,225 होते, राजीनाम्याने हातात 6,075. सहा वर्षांनी 42,525 पैकी 28,350. हिशेबात भत्ते धरलेत का, हे करारात बघा. नुसत्या मूळ पगारावर काढलं तर 3 वर्षांचे 18,225 ऐवजी 13,500 होतात. शेजारच्या दुबई-अबुधाबीत मात्र हिशेब कायद्यानेच मूळ पगारावर होतो (पहिली 5 वर्षं दर वर्षी 21 दिवस, पुढे 30) आणि तिथे राजीनाम्याने कपात होत नाही. तिकडचीही ऑफर बघत असाल तर दोन्हींची मूळ पगाराची ओळ शेजारी शेजारी ठेवून बघा.

बोनसबद्दल स्पष्ट सांगतो, कायद्याचा आधार इकडेही नाही आणि इंजिनिअरच्या पगाराला भारतातही नाही. भारतात बोनस कायद्याची मर्यादा महिना 21,000 होती, आपण तिच्या बाहेरच. त्यामुळे ‘वर्षाला दोन पगार बोनस’ असं एचआर तोंडी म्हणाला तर चार गोष्टी लेखी विचारा: पगार म्हणजे मूळ की एकूण, पहिल्या अर्धवट वर्षाचा प्रमाणात मिळतो का, कारखान्याच्या नफ्याशी जोडलाय की तुमच्या रेटिंगशी, आणि वाटपाच्या तारखेआधी राजीनामा दिला तर काय. प्लांट मालकाच्या थेट पटावर असाल तर बोनस, मुलांची फी, कुटुंबाची तिकिटं हे सगळं बोलता येतं. मॅनपॉवर पुरवणाऱ्या कंपनीमार्फत जाणार असाल तर ‘ऑल इन’, म्हणजे सगळं धरून एकच दर असतो आणि यातलं बहुतेक काही नसतं. ऑफर लेटरवर शिक्का कुणाचा आहे ते नीट बघा, काम कुठल्या प्लांटवर आहे यापेक्षा तेच महत्त्वाचं.

रजा कायद्याने 21 दिवस, 5 वर्षं झाल्यावर 30. चांगल्या कंपन्या सुरुवातीपासून 30 देतात, मागून बघा. रजेचं मुंबईचं तिकीट कायद्यात नाही, करारात लिहिलं तरच.

ऑफर लेटर हा करार नव्हे. खरा करार ‘किवा’ या सरकारी पोर्टलवर नोंदवतात आणि तुम्ही तिथे मान्यता द्यायची असते. इथेच गडबड होते: पत्रात मूळ पगार 9,000 आणि पोर्टलवर 6,000, बाकी ‘इतर भत्ते’. आकडे जुळल्याशिवाय मान्यता देऊ नका. दुसरं, परदेशी माणसाचा करार ठरावीक मुदतीचाच असतो. मुदतीआधी योग्य कारणाशिवाय सोडलात आणि करारात भरपाईची रक्कम ठरलेली नसेल, तर कलम 77 नुसार उरलेल्या मुदतीचा पगार तुमच्यावर येऊ शकतो, किमान दोन महिन्यांचा. म्हणून भरपाई दोन्ही बाजूंना सारखी आणि आकड्यात लिहून घ्या. तिसरं, व्हिसावरचा हुद्दा ‘केमिकल इंजिनिअर’ हवा. ‘आत्ता टेक्निशियनच्या व्हिसावर या, नंतर बदलू’ हे ऐकू नका. सौदी कौन्सिल ऑफ इंजिनिअर्सची नोंदणी, कुटुंबाचा व्हिसा, पुढची नोकरी, सगळं त्या हुद्द्याला चिकटलेलं असतं.

नोंदणीसाठी पदवी राज्याकडून प्रमाणित करून परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल (परदेशात चालणारं प्रमाणीकरण) घ्यावं लागतं. मुंबई विद्यापीठाच्या प्रमाणपत्रावर नाव आडनावापासून सुरू होतं, पुढे वडिलांचं आणि बऱ्याचदा आईचंही येतं. पासपोर्टवर क्रम वेगळा, कधी मधलं नावच नसतं. सौदीतला कारकून अक्षर अक्षर ताडतो. फरक असेल तर कागद पाठवण्याआधीच पासपोर्टात नाव दुरुस्त करून घ्या. वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रातलं काम तुलनेने सोपं, विद्यापीठातून प्रमाणपत्र बदलून घेणं फार लांबतं. विवाहानंतर आडनाव बदलल्यामुळे बायकोच्या कागदांतही हाच घोळ होतो.

निघायची तारीख पगाराइतकीच महत्त्वाची. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्याचे त्या आर्थिक वर्षात भारतातले दिवस 182 पेक्षा कमी भरले तर तो अनिवासी ठरतो. 1 एप्रिलपासून 28 सप्टेंबरपर्यंत 181 दिवस होतात. त्याच्या आत निघालात आणि मार्चपर्यंत सुट्टीवर आला नाहीत, तर सौदीचा पगार करमुक्त. नोव्हेंबरात निघालात तर मार्चपर्यंतचा सौदी पगारही भारतात करपात्र. म्हणजे तारीख निवडता येत असेल तर एकतर 28 सप्टेंबरच्या आत निघा, नाहीतर एप्रिलमध्ये. निघाल्यावर बचत खातं एनआरओ (अनिवासी माणसाचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्या आणि पगार एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीच्या) खात्यात पाठवा, एनआरईचं व्याज करमुक्त आहे. कोपरखैरण्याचा फ्लॅट भाड्याने देणार असाल तर भाडेकरूला आधीच सांगा की तुम्ही अनिवासी झाल्यावर त्याने 30 टक्के आणि सेस टीडीएस कापायचा आहे. जास्तीचा कर रिटर्न भरून परत मिळतो, किंवा आधीच कमी दराचा दाखला काढता येतो.

आणि आईवडील. ते सध्या तुमच्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये असतील तर शेवटच्या दिवशी ते त्यातून बाहेर पडतात. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करता येतं आणि भरलेला प्रतीक्षाकाळ धरला जातो, पण अर्ज नोकरीत असतानाच करा, निदान महिनाभर आधी. मधुमेह, रक्तदाब असलेल्या साठीपुढच्या माणसाला नवी पॉलिसी काढणं फार जड जातं.

एजंटमार्फत जात असाल तर तो सरकारकडे नोंदलेला आहे का ते ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही.

सध्याच्या कंपनीत 5 वर्षं पूर्ण व्हायला थोडे महिने उरले असतील तर ग्रॅच्युइटीसाठी तेवढं थांबा. राजीनामा मात्र पोर्टलवरचा करार जुळल्यावर, वैद्यकीय तपासणी ‘फिट’ आल्यावर आणि व्हिसा हातात आल्यावरच द्या. छातीच्या एक्स-रेमध्ये जुन्या क्षयाचा डाग निघाला तरी तिथे ‘अनफिट’ होतं, आणि तो बऱ्याचदा त्या दिवशीच पहिल्यांदा कळतो. तुमची 90 दिवसांची नोटीस आणि व्हिसावरची प्रवेशाची मुदत यांचा मेळ बसत नसेल, तर रुजू व्हायची तारीख कंपनीकडून आत्ताच पुढे ढकलून घ्या.