पतसंस्थेच्या ऑफिसला कार्ड किंवा बोटावर उघडणारं दार बसवायचं आहे, लाईट गेली तर काय होईल?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत पतसंस्थेचं ऑफिस आहे, काउंटरमागे फक्त कर्मचाऱ्यांनीच जावं म्हणून दाराला ॲक्सेस मशीन लावायचं आहे, आणि लाईट गेल्यावर दार उघडं पडेल की माणसं आत अडकतील, याची काळजी आहे. मी सांगली, मिरज आणि कुपवाड एमआयडीसीत हीच कामं करतो. बहुतेक लोक आधी मशीनची कंपनी विचारतात. तुम्ही लाईटचं विचारलंत ते बरं केलंत, कारण सगळं काम त्याच प्रश्नाभोवती फिरतं.

सर्रास बसतं ते मॅग्नेटिक लॉक. चौकटीला चुंबक, पल्ल्याला लोखंडी प्लेट. वीज आहे तोवर दार धरून ठेवतं, वीज तुटली की सोडतं. माणसाच्या जिवाच्या दृष्टीनं हेच बरोबर आहे. दुसरा प्रकार इलेक्ट्रिक स्ट्राइकचा, म्हणजे कुलपाची जीभ अडकवून ठेवणारी, चौकटीत बसणारी विजेवरची खाच. त्यात वीज गेल्यावरही बाहेरून कुलूप लागलेलंच राहतं आणि आतून हँडल फिरवलं की दार उघडतं, असा प्रकार मिळतो. तुमच्या मधल्या दाराला, जिथून रोज सगळे ये-जा करतात, तिथं मॅग्नेटिक लॉक आणि बॅटरी घ्या. रोकड ठेवण्याच्या खोलीला मात्र चावीचं भक्कम कुलूप काढू नका. मशीन लावायचंच तर त्याच्या जोडीला लावा.

बॅटरीचा हिशोब सोपा आहे. 280 किलोची ओढ सोसणारं लॉक 12 व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर घेतं, मशीन आणखी पाव. 7 अँपिअर-अवरची नवी बॅटरी सात-आठ तास धरेल, जुनी झाली की निम्मंही नाही. म्हणून चार्जर असलेला पॉवर सप्लायच घ्या. सीसीटीव्हीचा साधा ॲडाप्टर जोडून दिलेली दारं मी बरीच बघितली आहेत. लाईट गेली की त्याच क्षणी ती उघडी पडतात.

वायरिंगकडे कुणी बघत नाही आणि निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. लॉकला कॅट-सिक्स केबलची एकच जोडी दिली आणि अंतर 30 मीटर असलं, तर जाता-येता दोन-अडीच व्होल्ट वायरीतच पडतात. बाराचे साडेनऊ-दहा उरतात, दार जरा जोरात ओढलं की उघडतं आणि दोष लॉकला दिला जातो. तिथं 1 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढली की घट अर्ध्या व्होल्टवर येते. लॉकच्या दोन टोकांवर 1N4007 डायोड उलटा जोडायला सांगा, पट्टीची बाजू प्लसला. नाहीतर लॉकची वीज तुटताना उलटा झटका येतो आणि मशीनचा रिले, म्हणजे लॉकची वीज चालू-बंद करणारा आतला छोटा स्विच, हळूहळू खराब होतो. प्लेट पल्ल्याला करकचून आवळायची नसते. मागच्या रबर वॉशरवर ती किंचित हलली पाहिजे, तरच चुंबकावर सपाट बसते. दार आत उघडत असेल तर लॉक बसवायला झेडएल ब्रॅकेट लागतो, काचेच्या दाराला यू ब्रॅकेट.

आता ज्यावर मी अजिबात तडजोड करत नाही ते. आतून बाहेर पडायचं बटण मशीनला तर जोडाच, पण शिवाय काच दाबून चालणारा इमर्जन्सी स्विच थेट लॉकच्या वीजवाटेत हवा. मशीन हँग झालं, रिले चिकटला, काहीही झालं तरी तो दाबला की लॉकची वीज तुटली पाहिजे. फायर अलार्म असेल तर त्याचा रिलेही त्याच वाटेत घ्या. तुमच्याकडे ठेवीदार म्हणून वयस्कर माणसं येत असतील, धुरात त्यांना कार्ड शोधायला लावायचं का?

चोरीच्या बाजूनं बघायचं तर स्वस्त मशीनमध्ये लॉकचा रिले मशीनच्याच पोटात असतो आणि मशीन बाहेरच्या भिंतीवर. ते उचकटून दोन वायरींशी खेळलं की दार उघडतं. बाहेर फक्त रीडर, म्हणजे कार्ड-बोट वाचणारा भाग ठेवा, आणि दार उघडायचं ठरवणारा कंट्रोलर आत. आणि आत म्हणजे उंचावर. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45 ची. तळमजल्यावर ऑफिस असेल तर पॉवर सप्लाय आणि बॅटरी छताजवळ घ्या.

बोट की कार्ड? दोन्ही. मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्यांची किंवा कुपवाडच्या फाउंड्रीत काम करणाऱ्यांची बोटं घासून रेषा पुसट होतात, मशीन ओळखत नाही आणि त्या माणसाला रोज सगळ्यांसमोर पाच-पाच वेळा बोट लावावं लागतं. मला ते बघवत नाही. अशांना सरळ कार्ड द्या. बाकीच्यांची दोन्ही हातांची एकेक बोटं नोंदवा. कार्ड 13.56 मेगाहर्ट्झचं, एनक्रिप्शनवालं घ्या. 125 किलोहर्ट्झच्या साध्या कार्डाची नक्कल सहज होते.

बसवून झाल्यावर पहिल्याच दिवशी ॲडमिनचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. कोणत्या कर्मचाऱ्याला कोणता युजर नंबर आणि कोणतं कार्ड, हे एका वहीत लिहून मशीनच्या मास्टर कार्डासोबत (नावं नोंदवायचं-काढायचं मुख्य कार्ड) तिजोरीत ठेवा. कार्ड हरवलं की हातात कार्ड नसतानाही नंबरावरून ते रद्द करता येतं, पण वही असेल तरच. नोकरी सोडून गेलेल्याचं नाव त्याच दिवशी काढा. मशीनमध्ये टाइम झोन, म्हणजे प्रवेशाच्या ठरावीक वेळा लावून शिपाई आणि सफाईवाल्यांचा प्रवेश त्यांच्या वेळेपुरता ठेवा.

महिन्यातून एकदा ऑफिस सुटल्यावर मेन स्विच पाडून बघा, दार बॅटरीवर धरतंय का. मग इमर्जन्सी स्विच दाबा, दार सुटतंय का. कोटेशनमध्ये वायरची जाडी, बॅटरीची क्षमता आणि इमर्जन्सी स्विच वेगवेगळे लिहून मागा. 'पूर्ण सेट' एवढंच लिहून दिलं तर सही करू नका.