इंग्लिशमधलं 'शुअरली' जपून वापर

अगं, हॉटेलच्या फ्रंट डेस्कला लागलीस ना, मग एक सांगून ठेवते, आपण 'नक्की' म्हणायचं असलं की सरळ 'शुअरली' म्हणून मोकळे होतो, आणि तिथंच घोळ होतो. विशेषतः ब्रिटिश गेस्टच्या कानाला 'शुअरली'मध्ये खात्री कमी आणि 'असं तर असायलाच हवं ना?' हा सूर जास्त ऐकू येतो. 'शुअरली यू हॅव अ बुकिंग?' म्हणालीस तर त्यांना वाटेल तुला शंकाच आहे, किंवा टोमणा मारतेयस.

समज, गेस्टने विचारलं मोपा विमानतळाची टॅक्सी सहाला येईल ना, तर 'इट विल डेफिनेटली बी हिअर बाय सिक्स' म्हण. जागा बघ, 'विल'च्या नंतर. पण नकार असला की उलटं, 'इट डेफिनेटली वोन्ट बी लेट', म्हणजे 'वोन्ट'च्या आधी. आणि 'डेफिनेटली नॉट' म्हणजे मुळीच नाही, 'नॉट डेफिनेटली' म्हणजे अजून पक्कं नाही, हे दोन अदलाबदल झाले तर गेस्ट भलतंच समजून बसेल गं.

ईमेल लिहिताना 'सर्टनली' शोभतं, जरा अदबीचं आहे. स्पेलिंगमध्ये 'डेफिनेटली'त ए घालू नको, आत अख्खं 'फायनाइट' आहे हे लक्षात ठेव.

आणि ड्रायव्हरला फोन करून विचारल्याशिवाय 'डेफिनेटली' म्हणूच नको, मान्सूनात तर अजिबात नाही, तेव्हा 'प्रॉबेबली' म्हण आणि किती वाजता कन्फर्म करशील ते सांग.