तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : कोकणकडा फोटोत का येत नाही?

प्रश्न : नमस्कार सर, दिवाळीनंतर आम्ही मित्र पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. कोकणकड्यावरून सूर्यास्ताचे शंभरेक फोटो काढले पण घरी येऊन बघितलं तर एकतर आकाश पांढरंफटक नाहीतर डोंगर काळेकुट्ट, आणि कडा तर एवढुसा दिसतो. कॅमेरा साधाच आहे, सोबत आलेली १८-५५ लेन्स. वाइड अँगल लेन्स घेऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नका घेऊ! निदान या कारणासाठी तरी नका. कडा एवढुसा दिसतो कारण तुम्ही सगळे फोटो १८ वर, म्हणजे लेन्सच्या सगळ्यात वाइड टोकाला काढले असणार, आणि त्याहून वाइड लेन्स लावली की तो अजून लांब जाणार. पुढच्या वेळी ५५ वर जा, कुणाकडे २००-३०० ची झूम असेल तर मागून घ्या. मग एकामागे एक फिकट होत गेलेल्या डोंगररांगा कशा जवळजवळ येऊन बसतात बघा.

आता आकाशाचं. डोळ्याला एकाच वेळी तळपता सूर्य आणि सावलीतला दगड दोन्ही दिसतं, कॅमेऱ्याला एका फोटोत तेवढं झेपत नाही. म्हणून एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) आकाशाचं धरा, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा आणि सावल्या घरी संगणकावर उजळवा. उलटं केलंत तर पांढरं झालेलं आकाश परत येत नाही, गेलं ते गेलंच. मोबाईल असेल तर आकाशावर बोट ठेवून उजेडाची पट्टी खाली ओढायची, बस.

पण खरी गंमत वेगळीच आहे. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे आणि आत वळलेला आहे, म्हणजे संध्याकाळचं ऊन थेट त्या कातळावर पडतं आणि आपण सगळे मात्र त्याच्याकडे पाठ करून सूर्याचे फोटो काढत उभे! मीसुद्धा पहिल्या तीन ट्रिपा हेच केलं. एका टोकाला जाऊन बाजूने बघा, अख्खी भिंत वळत गेलेली दिसते, कातळातल्या भेगा न् भेगा उठून येतात, खाली कोकण निळसर. (टोकाला म्हणजे कडेला नव्हे हां, तिथे झोपूनच पुढे सरकायचं, वारा असेल तर तेही नाही.)

आणि सूर्य बुडाला की पिठलं-भाकरीकडे पळू नका. ढग असतील तर पुढची पंधरा-वीस मिनिटं रंग चढत जातात. तेव्हा ट्रायपॉड लागतो, नसेल तर सॅक दगडावर ठेवून तिच्यावर कॅमेरा, दोन सेकंदांचा टायमर, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक, आकडा मोठा तितकं भोक लहान) ८ ते ११. २२ पर्यंत नेऊ नका, फोटो उलट मऊ, म्हणजे किंचित धूसर होतो.

प्रश्न : पावसाळ्यात धुक्याचे फोटो मळकट येतात, कॅमेऱ्यात बिघाड आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बिघाड नाही. कॅमेरा पांढऱ्याला करडं समजून फोटो अंधारवतो, एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा. आणि त्याआधी लेन्स पुसा हो, मला आलेल्या निम्म्या मोबाईल फोटोंत धुकं नसतं, बोटाचं तेल असतं.