१ किलोच्या प्रेशरला १० किलोचं मीटर

सांवेरकडच्या काकांनी विचारलंय की बटाट्याच्या ड्रिपवर प्रेशर सेन्सर बसवला, दुकानदार म्हणाला एरर फक्त २ टक्के, मोबाईलवर १ किलो (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १ किलो प्रेशर) दिसतंय पण शेवटच्या लाइनीला ड्रिपर नुसते पाझरताहेत, मग खोटं कोण बोलतंय?

काका, खोटं कोणीच बोलत नाहीये, पण ते २ टक्के कशाचे हे विचारायचं राहिलं तुमचं. बहुतेक करून ते पूर्ण रेंजचे असतात, म्हणजे सेन्सर ० ते १० किलोचा असेल तर ०.२ किलो इकडेतिकडे, आणि १० दाखवताना पण तेवढंच नि १ दाखवताना पण तेवढंच. मग तुमचं १ किलो खरं ०.८ पण असू शकतं, झाली ना २० टक्के चूक! ० ते २.५ वाला असता तर त्याच २ टक्क्यांत ०.०५ चा फरक पडला असता.

पण लगेच छोट्या रेंजचा आणून मोटरपाशी लावू नका हां, वाल्व बंद असताना मोटर सुरू झाली की तिथलं प्रेशर कुठच्या कुठे चढतं, सेन्सर कामातून जाईल. मोटरवर मोठाच राहू द्या, छोटा लावा सबमेनच्या वाल्वच्या पुढे, जिथून नळ्या निघतात तिथे. आणि शेत चढाचं असेल तर दर मीटर उंचीला ०.१ किलो तसंही जातं, ते सेन्सरच्या माथी मारू नका.

चेक घरीच होतो. आधी हवेत मोकळा धरा, ० यायला पाहिजे. मग छतावरच्या टाकीच्या नळाला जोडा, बाकीचे नळ बंद, टाकीतलं पाणी नळापासून ५ मीटर वर असेल तर ०.५ च्या आसपास दाखवेल. हे सकाळी करा, मेच्या दुपारी तापलेला सेन्सर वेगळंच बोलतो आणि गरमीची ती चूक बहुतेक वेळा २ टक्क्यांत धरलेली नसते.

महूच्या भाऊंचा प्रश्न फिल्टरचा आहे, आधी-नंतरच्या दोन गेजमध्ये (प्रेशरच्या मीटरमध्ये) ०.४ चा फरक येतोय, धुवायचा का? दोन्ही गेज १० किलोवाले, २ टक्केवाले असतील तर हा अख्खा फरक गेजचाच असू शकतो भाऊ. एकच गेज घ्या, मोटर चालू ठेवून आधी अलीकडे नि मग पलीकडे लावून बघा, त्याची चूक दोन्हीकडे जवळपास सारखीच राहते म्हणून वजाबाकीत निघून जाते, आणि तरीही ०.५ च्या वर फरक आला तर धुवाच.