मिस्टरांना दीड वर्षासाठी जर्मनीला जायचंय, आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन सोबत जावं का?

ताई, मिस्टरांना कंपनी दीड वर्ष स्टुटगार्टला पाठवतेय, लेकरू आठ महिन्यांचं, आणि सासरचे म्हणताय की तू भुसावळलाच रहा, थंडीत पोरगं आजारी पडेल. माझं सरळ उत्तर, जा. थंडीचं एवढं मनावर घेऊ नका, घरं आतून गरम असतात, उलट आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो तेव्हा लेकरं जास्त कोमेजतात. काळजी करायचीच तर दोन गोष्टींची करा, मिस्टरांचं कॉन्ट्रॅक्ट कुठलं आहे आणि तिथे तुमचा स्वतःचा दिवस कसा जाणार. आम्ही चोपड्याचे, मुलगी रांगत होती तेव्हा जर्मनीतच होतो, म्हणून सांगतेय.

कॉन्ट्रॅक्टवर सगळं अडतं. पगार जर्मनीतून, तिथल्या कॉन्ट्रॅक्टवर असेल आणि मिस्टर सरकारी पद्धतीच्या आरोग्य विम्यात असतील तर कमाई नसलेली बायको आणि मूल त्याच हप्त्यात येतात, वेगळे पैसे नाही. डेप्युटेशनवर, म्हणजे नोकरी इकडच्याच कंपनीची आणि तिकडे फक्त पाठवलेले, असतील तर पीएफ इकडेच चालू राहतो, 2017 पासून दोन्ही देशांचा तसा करार आहे, त्यासाठी ईपीएफओकडून, म्हणजे पीएफच्या ऑफिसातून, सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज काढावं लागतं, पण आरोग्य विमा मात्र कंपनी देईल तो. त्या विम्याचा कागद स्वतः वाचा, मिस्टरांवर सोडू नका. बाळाच्या रूटीन तपासण्या आणि लसी त्यात आहेत का हे एचआरला मेलवरच विचारा, फोनवर सगळे हो हो म्हणतात. मुलांसाठी सरकार पैसे देतं, किंडरगेल्ड म्हणतात, 2025 मध्ये महिन्याला 255 युरो होते, पण ते सगळ्यांनाच मिळत नाहीत, कुठल्या व्हिसावर आणि कुठल्या कॉन्ट्रॅक्टवर आहात त्यावर आहे, म्हणून ते धरून बजेट करू नका. मिस्टरांना ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या लोकांना नोकरीसाठी मिळणारा तिथला परवाना, मिळणार असेल तर तुम्हाला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा लागत नाही, आणि तिथे नोकरीही करता येते.

कागदांचं आत्ताच बघा. आपल्याकडे लग्न थाटात होतं आणि रजिस्ट्रेशन राहून जातं. जन्मदाखल्यावर बाळाचं नाव चढवलंय का, आणि आईवडिलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतं का ते तपासा, नगरपालिकेत दुरुस्तीला गेलं की किती चकरा होतील ते त्यांनाच माहीत. बाळाचा पासपोर्ट वेगळा लागतो, 5 वर्षांचा मिळतो.

डॉक्टरचं सांगते. लहान मुलांचे डॉक्टर तिथे पटकन नवीन पेशंट घेत नाहीत, घर मिळालं की पहिले चार फोन त्यांनाच करा, सोफा नंतर घ्या. त्यांच्याकडे ठरलेल्या तपासण्या असतात, पिवळ्या वहीत लिहितात, तुमचं बाळ जाईल तेव्हा यू6 नावाच्या तपासणीची वेळ असेल, ती दहा ते बारा महिन्यांत करतात. इकडचं लसीचं कार्ड डॉक्टरांकडून इंग्रजीत नीट लिहून सही शिक्क्यानिशी न्या, कारण दोन्हीकडचं वेळापत्रक वेगळं आहे. गोवराची लस आपल्याकडे नवव्या महिन्यात देतात, तिथे अकराव्या. आणि दंडावरचा बीसीजीचा व्रण बघून कोणी विचारलं तर घाबरू नका, तिथे 1998 पासून ती लस सरसकट देत नाहीत. साध्या तापाला अँटिबायोटिक मिळणार नाही, पॅरासिटामॉल बरेचदा मागून द्यायच्या गोळीतच मिळतं, माझ्या आईला हे व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती अर्धा तास हसत होती. रात्री अपरात्री डॉक्टर हवा असेल तर 116117, जीवावरचं असेल तर 112.

घराचं कोणी आधी सांगत नाही. बाथरूमला बहुतेक ठिकाणी खाली मोरीच नसते, पाणी वाहून जायला जागा नाही, म्हणजे पाटावर बसून पायावर घेऊन बाळाला आंघोळ घालायची आपली पद्धत विसरा, टब घ्यावा लागतो. मालिश खुशाल करा पण वावडिंग ओव्याची धुरी नको, प्रत्येक घरात छताला स्मोक अलार्म असतो, तो असा कोकलतो की बाळ दोन तास झोपत नाही आणि शेजारीण दारात. भरीताचं वांगं पण त्याच कारणानं ओव्हनमध्येच भाजायचं, आपल्या काड्यांवर भाजलेल्याची चव येत नाही ते सोडा. बट्टी मात्र ओव्हनमध्ये झकास होते. आणि स्टुटगार्ट म्हणजे नुसते चढ आणि पायऱ्या, जुन्या बिल्डिंगला लिफ्ट नसते, तर भारी बाबागाडी घेण्याआधी घर कितव्या मजल्यावर ते बघा.

सासूबाई तुपाचा डबा भरतीलच, तो नेऊ नका. युरोपात बाहेरून दूधदुभतं आणायला बंदी आहे, बाळाची पावडर आणि पॅकबंद खाणं 2 किलोपर्यंत चालतं. तिथलं लोणी बहुतेक बिनमिठाचंच असतं, कढवलं की तूप. गंमत म्हणजे केळी नेता येतात, फळांना एरवी सर्टिफिकेट लागतं पण केळी त्यातून वगळलीय, त्यामुळे रावेरची फणी बॅगेत टाकली तर कोणी अडवत नाही.

आता तुमचं स्वतःचं. मिस्टर आठला जातील, तुम्ही आणि बाळ, खिडकीबाहेर एक माणूस नाही, रविवारी दुकानं पण बंद, डिसेंबरात साडेचारला अंधार. तिकडचे सकाळचे आठ म्हणजे हिवाळ्यात इकडे साडेबारा, सासूबाईंचा फोन येईल "काय करी राहिना मना नातू", बरं वाटेल, पण फोन ठेवला की परत तेच. इथे भल्या भल्या बायका ढेपाळतात. त्यावर एकच गोष्ट चालली, क्राबेलग्रुप्पे, रांगणाऱ्या लेकरांचा ग्रुप, चर्चमध्ये नाहीतर महापालिकेच्या हॉलमध्ये आठवड्यातून एकदा भरतो, पैसे नाममात्र. पोरं जमिनीवर आणि आया कॉफी घेऊन, भाषा नाही आली तरी दात कधी आले, रात्री किती वेळा उठतं, हे हातवारे करून पण बोलता येतं. दीडच वर्ष तर आहे, कशाला ओळखी करायच्या, असं म्हणून जी घरात बसली तिला ते दीड वर्ष फार लांब जातं. पाळणाघराच्या भरवशावर मात्र जाऊ नका, एक वर्षानंतर जागेचा हक्क कायद्यात आहे पण जागाच नसतात.

तिकिटाचं एक. जाताना बाळ दोन वर्षांच्या आतलं, म्हणून साधारण दहा टक्के भाड्यात मांडीवर जाईल, पाळण्याची सीट बुकिंग करतानाच मागा, त्याला वजनाची मर्यादा असते. परत येताना ते दोन वर्षांच्या वर गेलेलं असेल, म्हणजे स्वतंत्र सीटचं तिकीट. कंपनी परतीचं तिकीट देणार असेल तर तीन जणांचं धरलंय ना, हे ऑफर लेटर सही करायच्या आधी विचारून घ्या.